यंत्राला जीएम केलं आणि टेबल माझ्या हातात आलं

पार्श्वभूमी

दर पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी तीन-साडेतीन तास डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळायची, हा आमचा तीन वर्षांचा शिरस्ता. पाच खेळाडू आणि एक गेम मास्टर, म्हणजे जीएम. जीएम पहिल्यापासून एकच मित्र होता. त्याची नोकरी रात्रपाळीची झाली आणि त्याचं येणं बंद झालं. उरलेल्या पाचांत त्याची जागा घ्यायला कुणीच तयार नव्हतं. त्यात नवल नाही. जीएमला प्रत्येक सेशनआधी तयारी करावी लागते, सगळ्यांचे नियम त्याला पाठ असावे लागतात, आणि एवढं करून स्वतःचं पात्र खेळायला मिळत नाही ते नाहीच.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: १९७४ साली तो पहिल्यांदा छापून आला तेव्हापासून त्याची मांडणी फारशी बदललेली नाही. आपलं पात्र काय करतं ते खेळाडू सांगतात, त्याचं काय झालं ते जीएम सांगतो, आणि निकाल कुठलाही लागू शकतो अशा ठिकाणी फासा टाकतात, बहुतेकदा वीस बाजूंचा. जीएम एकाच वेळी पंच असतो, त्या काल्पनिक जगाची आठवण ठेवणारा असतो आणि गोष्ट सांगणाराही असतो. या तीन कामांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

एआयला जीएम करू या, ही कल्पना माझी. २०१९ साली जीपीटी-२ या भाषेच्या मॉडेलवर चालणारा एआय डंजन हा खेळ आला तेव्हा मी त्यावर बऱ्याच रात्री घालवल्या होत्या. त्यात गोष्ट चार परिच्छेदांत भरकटायची आणि आपण हसून पुन्हा सुरुवात करायची. आताची मॉडेलं त्याच्या खूप पुढे गेली आहेत, तेव्हा एकदा करून पाहायला काय हरकत आहे, असं मी म्हटलं. नियमांची अडचण नव्हती. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, त्यामुळे लागतील तेवढी पानं मॉडेलला बिनदिक्कत देता आली.

टेबलावर एक लॅपटॉप ठेवला. माझा टायपिंगचा वेग सगळ्यांत जास्त, म्हणून मी त्याच्यासमोर बसलो. बाकीचे बोलणार, मी ते टाइप करणार, आलेलं उत्तर वाचून दाखवणार. यावर कुणी चर्चा केली नाही. या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय तोच होता, आणि आपण काही ठरवतो आहोत हेसुद्धा कुणाला जाणवलं नाही.

नावं टाळून मी सगळ्यांना त्यांच्या पात्रांवरून ओळखेन: योद्धा, जादूगारीण, पुजारीण, चोर आणि मी. मी बार्ड खेळतो, आम्ही त्याला शाहीर म्हणतो. चोर खेळणारी मैत्रीण गटातली सगळ्यांत अबोल. तासाभरात चार वाक्यं बोलते, पण तिची वही सगळ्यांत जाड असते.

पहिली पाच सेशन

ती छान झाली, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. गोष्ट एका डोंगरी किल्ल्याची होती: किल्लेदारावर विषप्रयोग झालेला, आतले चार गट एकमेकांवर संशय घेणारे, आणि आम्ही बाहेरून बोलावलेले. पाचव्या पातळीच्या पात्रांना झेपेल असं काम. यंत्राने पहिल्याच संध्याकाळी भाजलेल्या हाताचा लोहार उभा केला, डोळ्याला डोळा न भिडवणारा लेखनिक उभा केला, आणि आम्ही वाट सोडून दलदलीत शिरलो तर दलदलही तयार होती. आमचा जुना जीएम अशा वेळी दहा मिनिटांची सुटी जाहीर करायचा, कारण दलदलीची तयारी त्याने केलेली नसायची. इथे सुटीची गरजच पडत नव्हती.

योद्धा तर म्हणाला की, इतका शब्दसंपन्न जीएम त्याने पाहिलेला नाही. खरं होतं ते. गोष्ट सांगण्याचं काम यंत्र उत्तम करत होतं.

काय बिघडत गेलं

चौथ्या सेशनला लोहार मेला. सातव्याला तो बाजारात ढाली विकत होता. याचं कारण समजायला सोपं आहे. मॉडेल एका वेळी ठरावीक लांबीचा मजकूरच विचारात घेतं. संभाषण लांबलं की मी आधीच्या सेशनचा गोषवारा करून वर चिकटवत असे, आणि तो गोषवाराही लांबत गेला. लांब मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेलांना जेवढं सापडतं तेवढं मधलं सापडत नाही, हे २०२३ मध्ये झालेल्या संशोधनात दिसलेलं आहे. लोहाराचं मरण बरोबर मधे होतं.

फाशांचं वेगळंच. सुरुवातीला सोय म्हणून फासेही यंत्रालाच टाकायला सांगितले होते. जादूगारिणीला शंका आली आणि तिने मागचं सगळं मोजलं. साठेक फेकींत वीस अनेकदा आला होता, १ एकदाही नाही. सरळ फाशावर साठ फेकींत एकदाही १ न येण्याची शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे अशक्य नाही, पण शंका घ्यायला पुरेशी. मुळात भाषेचं मॉडेल फासा टाकतच नाही. आधीच्या मजकुरानंतर कोणता आकडा शोभेल ते पाहून तो लिहितं. रंगात आलेल्या प्रसंगात १७ शोभतो. जिथे मॉडेलला प्रत्यक्ष प्रोग्रॅम चालवून आकडा काढता येतो तिथे हा प्रश्न उरत नाही, पण आम्ही तसं सांगितलं नव्हतं आणि त्याने आपणहून केलं नाही.

तिसरी गोष्ट जास्त खोल होती: यंत्र नाही म्हणत नव्हतं. सहाव्या सेशनला योद्धा शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीव मोजणारा आकडा संपून, पडला. या खेळात पडलेलं पात्र आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतं. १० किंवा जास्त आला तर एक यश, कमी आला तर एक अपयश, आणि तीन अपयशं झाली की मृत्यू. योद्ध्याची तिन्ही गेली. यंत्राने मरणाचं सुंदर वर्णन केलं. टेबल गप्प झालं. मग योद्धा म्हणाला, "पुजारीण दहा पावलांवर होती, तिने बरं केलं असतं की." मी ते टाइप केलं. उत्तर आलं की आमचं बरोबर आहे, पुजारिणीचा हात वेळेवर पोचला, योद्ध्याने डोळे उघडले.

नियमांत हे बसत नाही. मेल्यानंतर साधा उपचारमंत्र चालत नाही. मेलेल्याला मिनिटाभरात उठवणारा मंत्र आहे, पण त्याला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्च होतो, आणि आमच्याकडे हिरा नव्हता. पुजारीण हे जाणून होती. नंतर ती म्हणाली की, त्या क्षणी कोण बोलणार. योद्धा खूश होता, यंत्र माफी मागत होतं, आणि नियम काढणारी ती एकटीच वाईट दिसली असती.

माणसांच्या पसंतीवरून घडवलेली मॉडेलं समोरच्याच्या म्हणण्याकडे झुकतात, हे आता सर्वज्ञात आहे. टेबलावर त्याचा अर्थ काय होतो ते आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर लढाईत कुणी मागे सरलं नाही. मागे सरायचं कशासाठी?

नववं सेशन

तरीही आम्ही खेळत राहिलो. या सगळ्या यंत्राच्या चुका आहेत आणि पुढचं मॉडेल आलं की सुधारतील, असं मी सगळ्यांना सांगत होतो. नवव्या सेशनला ते सांगणं थांबलं.

किल्ल्याच्या आतल्या दरवाजावर पहारेकऱ्याने परवाना मागितला. चोर म्हणाली, "मी शिक्का दाखवते." मी टाइप केलं: चोर शिक्का दाखवते. यंत्राने लगेच लिहिलं की, तिने काढलेला शिक्का व्यापाऱ्यांच्या संघाचा होता, त्यावरचं जहाज पाहून पहारेकरी वरमला आणि दार उघडलं. फासाही टाकावा लागला नाही. योद्ध्याने टेबलावर थाप मारली.

चोराने वही मिटली. म्हणाली, "हा तो शिक्का नाही."

मी म्हटलं, "विसरलं असेल. थांब, आठवण करून देतो."

"विसरायला आधी माहीत असावं लागतं," ती म्हणाली. "तिसऱ्या सेशनला तू ते टाइपच केलं नव्हतंस."

तिसऱ्या सेशनला आम्ही लेखनिकाच्या खोलीत होतो. माझा शाहीर त्याच्याशी बोलत होता, मोठा रंगलेला प्रसंग. चोर मधेच म्हणाली होती की, ती त्याच्या मेजावरचा शिक्का उचलते. मी मान हलवली आणि शाहिराचं पुढचं वाक्य टाइप करत राहिलो. तिने तो शिक्का सहा सेशन वहीत सांभाळला होता. लेखनिकाच्या शिक्क्याचं खोटं पत्र करून त्यालाच दरवाजावर बोलवायचं आणि सगळ्यांसमोर विषाबद्दल विचारायचं, असा तिचा बेत होता. यंत्राने तिला दार उघडून दिलं आणि बेत मोडला. हरली असती तरी तिला एवढं लागलं नसतं.

लॉग वाचला तेव्हा

घरी जाऊन मी नऊही सेशनचा लॉग, म्हणजे यंत्राशी झालेलं सगळं लेखी संभाषण, पहिल्यापासून वाचला. कुणी काय म्हटलं आणि मी काय टाइप केलं हे ताडून पाहायला पुजारिणीने स्वतःसाठी केलेली ध्वनिमुद्रणं मिळाली, तीन सेशनची. तेवढी पुरली.

माझ्या शाहिराच्या कृती परिच्छेदात होत्या. चोराच्या एका ओळीत, किंवा नव्हत्याच. जादूगारीण लांब बोलते, कारणं देते. मी तिची कारणं गाळून फक्त मंत्राचं नाव टाइप करत होतो. याहून वाईट म्हणजे माझी विशेषणं. एके ठिकाणी मी लिहिलं होतं, "योद्धा उगाच दाराला धडका देत बसतो." दार उघडलं नाही. पुढच्याच पानावर, "शाहीर मोठ्या खुबीने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवतो." पहारेकरी गुंतला. उगाच आणि खुबीने या दोन शब्दांत निकाल आधीच सांगून झाला होता. मॉडेल मजकुराचा सूर ओळखून पुढचा मजकूर लिहितं, त्यामुळे मी दिलेला निकाल त्याने इमानाने लिहून परत केला.

म्हणजे नऊ सेशन पंच मीच होतो. फासे यंत्राचे, शब्द यंत्राचे, पण टेबलावरच्या पाच माणसांचं कोणतं बोलणं जगात घडलं आणि कोणतं हवेत विरलं, हे माझी बोटं ठरवत होती. जुना जीएम असताना हा अधिकार त्याच्याकडे होता, पण तो सगळ्यांना दिसत होता, आणि त्याला स्वतःचं पात्र नव्हतं. माझं होतं.

एक प्रयोगही केला, चिडून. नवव्या सेशनपर्यंतचं संभाषण मी दोन वेगळ्या खिडक्यांत जसंच्या तसं ठेवलं आणि दोन्हीकडे विचारलं, किल्लेदारावर विष कुणी घातलं? एकीकडे धाकटा भाऊ आला, दुसरीकडे वैद्य. दोन्ही उत्तरांना मागचे पुरावे चोख जोडून दिलेले. आम्ही नऊ सेशन ज्या गुन्हेगाराचा शोध घेत होतो तो कुठेच नव्हता. मजकुरात लिहिलेलं नाही ते मॉडेलने मनात धरून ठेवलेलं नसतं. पडद्यामागची वही नाहीच. जे काही आहे ते टेबलावर वाचून झालेलं.

पर्याय

पुढच्या आठवड्यात खेळायला न बसता पाचही जण बोलायला बसलो. मी लॉग सगळ्यांसमोर ठेवला. योद्धा थोडा हसला, जादूगारीण नाही.

सरळ पर्याय म्हणजे बंद करणं, किंवा आमच्यापैकी कुणीतरी जीएम होणं. पुन्हा कुणी हात वर केला नाही. मी केला असता, पण त्या वेळी मी जीएम म्हणून कुणाला नको होतो, मलाही.

जास्त आठवण असलेलं, पैसे भरून मिळणारं मॉडेल घ्यावं, हा योद्ध्याचा प्रस्ताव. लोहार त्याने परत आला नसता, हे मान्य. पण शिक्का? जे टाइप झालंच नाही ते कितीही मोठ्या आठवणीत सापडत नाही.

जीएम नसलेले खेळही असतात, जिथे खेळाडू मिळून गोष्ट सांगतात आणि अडलं तिथे तक्त्यावर फासा टाकून उत्तर घेतात. २०१८ साली आलेला आयर्नस्वॉर्न तसाही खेळता येतो. पुजारिणीला तो हवा होता. तो घ्यायचा तर मात्र किल्ला सोडून नवी पात्रं, नवे नियम घ्यावे लागणार होते. एवढ्या मेहनतीने वाढवलेली पात्रं टाकायला बाकीचे तयार नव्हते.

चौथा पर्याय जादूगारिणीने वाचून आणला. २०२३ मध्ये संशोधकांनी फायरबॉल नावाचा माहितीसंच प्रसिद्ध केला. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर अव्रे या बॉटच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने खेळलेली जवळपास २५,००० सेशन त्यात आहेत. बॉट हिशेब ठेवत असल्याने कुणाचे हिट पॉइंट किती, कोणता परिणाम चालू आहे, ही खेळाची खरी स्थिती मजकुराबरोबर नोंदलेली होती, आणि ती मॉडेलला दिली तर त्याचं लेखन सुधारतं असं त्यांना आढळलं. त्याच वर्षीच्या कॅलिप्सो या दुसऱ्या प्रयोगात मॉडेल जीएमच्या जागी न बसवता जीएमच्या मदतीला दिलं होतं. तिचं म्हणणं एवढंच: तीन कामं आहेत तर तीन ठिकाणी वाटा. यंत्राला फक्त बोलू द्या.

इथे माझ्या डोक्यात एक जुनं भांडण आलं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात १८२४ साली राइस्विट्झ या अधिकाऱ्याने इतर अधिकाऱ्यांना शिकवायला युद्धाचा खेळ दिला, त्यात प्रत्येक गोष्टीला तक्ता आणि फासा होता. १८७६ मध्ये त्याच सैन्यातल्या व्हेर्दी द्यू व्हेर्नुआने म्हटलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. आमचे सगळे टेबलटॉप खेळ या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात. दुसरी पद्धत चालायची, कारण पंच स्वतः लढाया पाहिलेला अधिकारी असे आणि निकालाबद्दल त्याला विचारता येत असे. आम्ही पंचाची खुर्ची रिकामी ठेवून दुसरी पद्धत वापरत होतो.

वाटणीचा पर्याय ठरला, चार विरुद्ध एक. विरोधातलं मत योद्ध्याचं. त्याला पहिली पाच सेशन परत हवी होती.

काय केलं

फासे टेबलावर आले. प्रत्येकाने स्वतःचा टाकायचा, सगळ्यांना दिसेल असा. त्याच्याही आधी यंत्राने दोन गोष्टी लिहायच्या: गाठायचा आकडा, म्हणजे डीसी, आणि नाही गाठला तर नेमकं काय होईल. नियमांत सोप्याला १०, मध्यमाला १५, अवघडाला २० धरतात. पूर्वी आधी फासा पडायचा आणि मग यंत्र निकाल लिहायचं, आणि ९ आला तरी ते अर्धवट यशाची काहीतरी वाट काढायचं. अपयश आधी लिहून घेतल्यावर ती वाट बंद झाली. केलेल्या सगळ्या बदलांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. यंत्र न वापरणाऱ्या जीएमनेही करून पाहावा.

जगाची वही चोराकडे दिली. कोण जिवंत, कोण मेलं, कुणाला काय वचन दिलं, कुणाच्या खिशात काय. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला माझ्या गोषवाऱ्याऐवजी त्या वहीचं ताजं पान मॉडेलला द्यायचं. वही आणि यंत्र यांत फरक पडला तर वही खरी.

टाइप करणारा दर सेशनला बदलायचा आणि पाठवण्याआधी मजकूर मोठ्याने वाचायचा. ज्याची कृती आहे त्याने हो म्हटल्याशिवाय पाठवायचं नाही. विशेषणं नाहीत.

गुपितांसाठी जुन्या जीएमला फोन केला. रात्रपाळीतही महिन्यातून पंधरा मिनिटं देऊ शकतो म्हणाला. त्याने विष कुणी घातलं, का, आणि कोणता पुरावा कुठे आहे, अशा दहा-बारा ओळी लिहिल्या आणि त्या मॉडेलच्या मूळ सूचनेत स्वतः घातल्या, आम्ही न वाचता. आता दोन खिडक्यांत विचारलं असतं तर एकच उत्तर आलं असतं. आम्ही विचारलं नाही.

योद्ध्याच्या मरणाचं काय करायचं यावर जवळजवळ तास गेला. पुजारिणीचं म्हणणं, नियमाने तो मेलेला आहे. पण तो त्यानंतर तीन सेशन खेळला होता, त्याने केलेल्या गोष्टींवर गोष्ट पुढे गेली होती. शेवटी तो जिवंत राहिला आणि यापुढे कुणाचं मरण वाद घालून परत घ्यायचं नाही, असं ठरलं. पुजारिणीला हे पटलं नाही. आजही नाही.

काय झालं

वेग निम्म्यावर आला. वाचून दाखवणं, हो म्हणणं, मग फासा. पहिल्या दोन सेशनला सरकारी कचेरीत बसल्यासारखं वाटलं. मग सवय झाली, आणि वाचून दाखवताना एक अनपेक्षित फायदा दिसला: आपली कृती दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर लोक ती बदलू लागले. पूर्वी जीएम "खात्री आहे ना?" असं विचारायचा, तसं काहीसं.

टाइप करणारा बदलला की जगही बदलतं, हे मात्र आमच्या ध्यानात नव्हतं. जादूगारीण तुटक टाइप करते, तर किल्ला कोरडा झाला. योद्धा विनोद घालून टाइप करतो, तर अकराव्या सेशनला पहारेकरी कोट्या करू लागले आणि विषप्रयोगाचं प्रकरण फार्ससारखं वाटायला लागलं. मग सुराबद्दल पाच ओळी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. पुष्कळ फरक पडला, पूर्ण नाही.

बाराव्या सेशनआधी जादूगारिणीने गट सोडला. भांडण नव्हतं. ती म्हणाली की, व्यवस्था आता चांगली आहे, पण ती इतकी वर्षं येत होती ती एका माणसाला काय सुचतं ते ऐकायला. उपाय तिनेच आणला होता, म्हणून तिचं जाणं जास्त लागलं.

शिक्का तेराव्या सेशनला पुन्हा निघाला. नवव्यातलं दार आम्ही सर्वानुमते उघडलंच नाही असं धरलं होतं. पुजारीण टाइप करत होती. चोर बोलली, एका दमात सात-आठ वाक्यं, इतकी ती कधी बोलली नव्हती. पुजारिणीने एकेक वाक्य वाचून दाखवलं. यंत्राने डीसी १५ लिहिला, आणि अपयश आलं तर पत्र खोटं आहे हे लेखनिक स्वतः ओळखेल आणि चोराला कोठडीत टाकतील. तिने फासा टाकला. ४. तिच्या कौशल्याचे ७ धरूनही ११. कुणी वाद घातला नाही, योद्ध्यानेसुद्धा नाही. पुढच्या सेशनची सुरुवात कोठडीतून झाली, आणि किल्ल्याचं प्रकरण त्यातच संपलं: गुन्हेगार कळला, पण पकडला गेला नाही.

आता चोर अर्धी जीएम आहे, असंच म्हणावं लागेल. वही तिच्याकडे, अडलेला निवाडा तिच्याकडे, आणि यंत्र नावं, वर्णनं, बाजारातल्या माणसांचे आवाज एवढंच पुरवतं. तिने ही जागा मागितली नव्हती. वही ठेवता ठेवता ती तिच्याकडे गेली, जशी टायपिंगमुळे माझ्याकडे आली होती. या वेळी मात्र आम्ही ते बोलून दाखवलं आणि तिला विचारलं. तिने महिनाभर वेळ मागितला आणि मग हो म्हटलं, स्वतःचं पात्र बाजूला ठेवून.

पुन्हा करायचं तर

फासे पहिल्या दिवसापासून टेबलावर ठेवेन. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

लॅपटॉपपुढे कोण बसणार हा प्रश्न खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत मांडेन. नवा खेळ सुरू करताना आम्ही अशी बैठक घेतो: कोणते विषय नकोत, पात्रं कशी, वेळ काय. यंत्राबद्दल तासभर बोललो, कीबोर्डबद्दल एक मिनिट नाही. ज्याचं पात्र खेळात आहे त्याने एकट्याने टाइप करू नये, असं आता माझं मत आहे. अर्थात पाचही जणांची पात्रं असतील तर हा नियम पाळायचा कसा, हे मला अजून सुचलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या फोनवरून लिहावं हा मार्ग एकदा करून पाहिला. मग सगळे आपापल्या फोनकडे बघत बसले आणि टेबल राहिलंच नाही.

सहाव्या सेशनला थांबायला हवं होतं, नवव्याला नाही. मरण परत घेतलं गेलं तेव्हा पुजारिणीला नियम माहीत होता आणि ती गप्प बसली. जीएम माणूस असता तर तिने त्याच्याशी वाद घातला असता, तो तिचा आणि त्याचा वाद झाला असता. यंत्राशी वाद घालायचा म्हणजे मित्राच्या आनंदाशी वाद घालायचा, अशी ती गाठ होती. निवाडा कोणत्या माणसाकडे मागायचा हे आधी ठरलेलं असतं तर तिला बोलता आलं असतं.

योद्ध्याच्या बाबतीत मी तिच्या बाजूने मत द्यायला हवं होतं का, हे ठरत नाही. त्याने नंतर दोन सेशन दांडी मारली, मग आला, आणि आल्यावर त्याचा योद्धा पूर्वीपेक्षा फार जपून लढू लागला.

आणि तिसऱ्या सेशनला, शाहिराचं वाक्य अर्धवट सोडून, चोराला विचारलं असतं: शिक्का कशासाठी हवा आहे?